पगारे मॅडमची नऊ मिनिटं

ऑगस्टची सहा तारीख, मंगळवार. रक्कम अकरा लाख ऐंशी हजार रुपये, अधिक जीएसटी. हजर चौघे: जीएम वैद्य साहेब, एचआरचे साहेब, सिस्टिमच्या पगारे मॅडम आणि अकाउंट्समधून मी, देवरे. अशा बैठकांना मला बोलावतात ते आकडा वाचून दाखवायला. वाचून झाला की सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू तो आकडा मी घरून डब्यात घालून आणलाय.

सातपूरला आमचा कारखाना आहे, इलेक्ट्रिक पॅनेलचे सुटे भाग करणारा. कंपनीची एक आतली वेबसाइट आहे, बाहेरच्या जगाला न दिसणारी. रजेचा अर्ज, कँटीनचा मेनू, बसच्या वेळा, फोन नंबर, सुरक्षेची पत्रकं, हजेरी, सगळं तिच्यावर. ही साइट एका जुन्या विंडोज सर्व्हरवर चालायची. त्या विंडोजला नव्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं होतं, आणि असं मशीन डिसेंबरनंतर नेटवर्कवर दिसता कामा नये, असं पुण्याच्या मुख्य ऑफिसने बजावलं होतं. नवं मशीन, नवी लायसन्स आणि बसवण्याची मजुरी मिळून वर सांगितलेला आकडा.

वैद्य साहेब म्हणाले, "यंदा जमणार नाही."

"मग साइट बंद करायची?" एचआरच्या साहेबांनी विचारलं.

पगारे मॅडम इतका वेळ पदराने चष्मा पुसत होत्या. तो त्यांनी नाकावर चढवला. "लिनक्सवर नेते. डिझाइनवाल्यांचं एक मशीन पडून आहे. डिस्क आणि मेमरी नवी घालावी लागेल. पंचेचाळीस हजारांच्या आत बसेल, नक्की आकडा देवरे भाऊ काढतील."

"आणि त्या लिनक्सचं लायसन्स?"

"फुकट आहे, साहेब. फक्त शिकावं लागतं."

"ते कोण शिकणार?"

"शिकलेय मी," मॅडम म्हणाल्या.

त्या तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या आणि फेब्रुवारीअखेर निवृत्त होणार होत्या. एचआरच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. वैद्य साहेबांनी सही केली.

निर्मला पगारे. पण हे पहिलं नाव फक्त पगारपत्रकात होतं. एरवी गेटपासून डायरेक्टरांपर्यंत सगळे ‘पगारे मॅडम’च म्हणत. उंची बेताची, सुती साडी, आणि साडीखाली पुरुषी बनावटीचे पांढरे स्पोर्ट्स शूज. नाशिकरोडच्या एका कॉलनीत राहायच्या. बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी स्टीलच्या मोठ्या डब्यातून खीर आणायच्या आणि एकाच डावाने सगळ्यांना सारखी वाढायच्या. कोणी "अजून थोडी" म्हटलं तर म्हणायच्या, "आधी सगळ्यांची होऊ दे." सगळ्यांची झाल्यावर मागणारा विसरलेला असायचा, पण त्या विसरायच्या नाहीत. वाटी घेऊन त्याच्या टेबलापर्यंत जायच्या.

सर्व्हर रूम म्हणजे जिन्याखालची लांबट खोली. आत एसी सदैव अठरावर. दाराशी दोन खुंट्या. एकीवर मॅडमचा तपकिरी स्वेटर, दुसरीवर पाहुण्यांसाठीचा. हा दुसरा वांगी रंगाचा होता, पुढे मोत्याची बटणं असलेला, त्यांनी स्वतः विणलेला. नियम असा की आत येणाऱ्याने तो घातल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

"मॅडम, दोनच मिनिटं काम आहे," मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो होतो.

"सर्दी दोन मिनिटांतच होते. घाला. बटणं लावा."

मी घातला. पुण्याहून आलेल्या ऑडिटरांनी घातला. एका डायरेक्टरांना तो पोटावर पुरेना, तर मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, छाती झाकली तरी पुष्कळ." अख्ख्या कंपनीत हुद्दा न पाहणारी अशी ती एकच वस्तू होती.

लिनक्स त्या घरी शिकल्या. मुलाचा जुना लॅपटॉप घेतला, त्यावरचं विंडोज पुसलं आणि कंपनीच्या बसमध्ये जाता-येता वाचत, रात्री जेवणाआधी तासभर करून बघत दीड वर्ष घालवलं. लिनक्समध्ये पुष्कळ कामं लिहून करावी लागतात. एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि ते होऊन जातं. सुरुवातीला त्यांनी अशीच एक ओळ लिहिली आणि सरावासाठी केलेलं सगळं काम एका क्षणात पुसलं गेलं. हे त्यांनीच मला जेवताना सांगितलं.

"मग? राग नाही आला?"

"कोणाचा? चूक माझी. त्याने फक्त ऐकलं." भाकरीचा तुकडा शेंगदाण्याच्या चटणीत बुडवून त्या थांबल्या. "विंडोज कसं, तीनतीनदा विचारतं. नक्की का? खरंच का? आणि आपण तीनदा न वाचता हो म्हणतो. हा विचारत बसत नाही. म्हणून मलाच बोलायच्या आधी विचार करावा लागतो. या वयात बरंय ते."

त्यांचं एक वाक्य होतं, ते आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं: "चालू करताना नाही विचारलं तरी चालेल, बंद करताना विचारा." कोणतीही गोष्ट बंद करायच्या आधी त्या ती वापरणाऱ्याकडे स्वतः जायच्या. फोनवर नाही, मेलवर नाही. साइट हलवायची ठरल्यावर त्यांनी या वाक्याची पद्धत केली. साइटवर दीडशेच्या वर पानं होती. प्रत्येक पान कोण उघडतं, हे मशीनमधल्या नोंदींवरून कळतं. पण माणूस ते कशासाठी उघडतो हे नोंदीत नसतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या त्या माणसाकडे जायच्या आणि म्हणायच्या, "उठा जरा. तुमच्या खुर्चीत बसू द्या."

आणि बसायच्या. तो माणूस शेजारी उभा. "आता सांगा, सकाळी आल्यावर आधी काय करता?"

लोकांनी थट्टा सुरू केली. स्टोअर्सवाले म्हणायचे, "मॅडम, खुर्ची घेऊनच जा ना सोबत." पर्चेसच्या एकाने तर खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरून ठेवली होती. मॅडम हसायच्या आणि बसायच्याच.

गेटवरच्या वॉचमनचं उदाहरण सांगतो. नोंदींत दिसत होतं की गेटवरचा कॉम्प्युटर ‘आमच्याविषयी’ हे पान दिवसात पंचवीस-तीस वेळा उघडतो. ते पान आम्ही कोणीही कधी वाचलेलं नव्हतं. कंपनीचा इतिहास, दोन फोटो, आणि खाली कारखान्याचा छोटा नकाशा. एचआरचे साहेब म्हणाले, वॉचमनला कंपनीविषयी एवढं प्रेम असेल तर त्याचा सत्कार करू. मॅडम जाऊन त्याच्या खुर्चीत बसल्या. तेवढ्यात तमिळनाडूचा एक ट्रक आला. वॉचमनने ते पान उघडलं, स्क्रीन खिडकीकडे वळवला आणि नकाशावर बोट ठेवून ड्रायव्हरला दाखवलं, इकडून जा, तिथे वळ, तिथे माल उतरव.

"त्यांना मराठी येत नाय, आपल्याला त्यांचं येत नाय," वॉचमन म्हणाला. "नकाशा समद्यांना कळतो."

नव्या साइटवर गेटच्या कॉम्प्युटरपुरतं पहिलंच पान नकाशाचं झालं. स्क्रीनभर मोठा, रस्त्यांना रंग दिलेला. वॉचमनने तो पाहिला आणि मॅडमना सलाम ठोकला. एरवी तो फक्त डायरेक्टरांच्या गाडीला सलाम करायचा.

अशा तऱ्हेने त्या तीन महिन्यांत बहुतेक सगळ्या खुर्च्यांवर बसल्या. माझ्याही. माझी खुर्ची डावीकडे कलते हे मला त्यांनीच सांगितलं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, कारखाना बंद असताना, साइट हलवली. मीही गेलो होतो, कारण एचआरच्या साहेबांनी कोणीतरी साक्षीला असावं असं सुचवलं होतं. साक्षीला मी वांगी रंगाच्या स्वेटरात स्टुलावर बसलो. मॅडम एकेक ओळ लिहायच्या, चष्म्यावरून वाचायच्या, ओठ हलवत परत वाचायच्या आणि मग एंटर. दुपारी चारच्या सुमारास त्यांनी जुन्या मशीनची केबल काढली. मशीन बंद करायच्या आधी क्षणभर त्याच्या डब्यावर हात ठेवला. "पुष्कळ केलंस," असं काहीतरी म्हणाल्या. मला म्हणाल्या, "चला, चहा घेऊ."

सोमवारी सगळं चाललं. रजेचे अर्ज, मेनू, हजेरी. फोन आले ते किरकोळ. मॅडम साडेआठला येऊन लगेच एकेका खात्यात फिरू लागल्या. बाराच्या सुमारास माझ्याकडे आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"काहीतरी राहिलंय, देवरे भाऊ."

"काय?"

"तेच आठवत नाही. सकाळपासून हात कशाला तरी जातोय आणि रिकामा परत येतोय."

मी म्हटलं, थकवा असेल. त्या मान हलवून गेल्या.

चारला वैद्य साहेबांची मेल सगळ्यांना आली. साहेब पुण्याला होते, तिथूनच लिहिलेली. पगारे मॅडमचं अभिनंदन. अकरा लाखांचं काम पंचेचाळीस हजारांत. आणि शेवटी एक ओळ: ‘कंपनीचं घड्याळही आजपासून बरोबर झालं, याबद्दल विशेष आभार.’

हे घड्याळाचं सांगायला हवं. आमच्या कंपनीचं घड्याळ नऊ मिनिटं पुढे असायचं. हजेरीचं पंचिंग मशीन आणि भोंगा दोन्ही त्या सर्व्हरवरून वेळ घ्यायचे, त्यामुळे आमचा सात वाजताचा भोंगा मोबाइलवर सहा एक्कावन्नला व्हायचा. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. कामगारांना वाटे मॅनेजमेंटने केलंय, लोकांनी वेळेवर यावं म्हणून. मॅनेजमेंटला वाटे टाइम ऑफिसने केलंय. टाइम ऑफिस म्हणे, मशीन जुनंय. शेजारच्या कंपनीचा भोंगा आमच्यानंतर व्हायचा, तर आमची माणसं म्हणायची, "आळशी लेकाचे."

मेल वाचून मी मॅडमचं अभिनंदन करायला गेलो. त्या स्क्रीनसमोर बसल्या होत्या. तपकिरी स्वेटरची बाही वर करून मनगटावरचं घड्याळ बघत होत्या.

"बस पोचली असेल स्टेशनवर," त्या म्हणाल्या.

"कुठली बस?"

"इगतपुरीच्या बायकांची. देवरे भाऊ, माझ्याकडून राहिलं ते हे."

मग त्यांनी सांगितलं. आमच्या असेंब्लीत अकरा जणी इगतपुरीकडच्या आहेत. पहिली पाळी साडेतीनला सुटते, कंपनीची बस त्यांना नाशिकरोड स्टेशनवर सोडते, तिथून पॅसेंजर. खऱ्या साडेतीनला सुटलं तर पुलावर चढेपर्यंत गाडी हललेली असते. पुढची गाडी दोन तासांनी. काही वर्षांपूर्वी जुन्या सर्व्हरची आतली बॅटरी कमजोर झाली आणि त्याचं घड्याळ आपोआप पुढे सरकू लागलं. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा ते नऊ मिनिटं पुढे होतं. त्या नीट करायला निघाल्या, तर असेंब्लीतली मंदाबाई जिन्याशी उभी. "मॅडम, त्येला हात नका लावू. या महिन्यात आमाला गाडी सापडायला लागलीय."

मॅडमनी बॅटरी बदलली नाही. पण घड्याळ तसंच सोडलं असतं तर अजून पुढे गेलं असतं. म्हणून दर सोमवारी सकाळी, चहाच्याही आधी, त्या ते पुन्हा बरोब्बर नऊ मिनिटांवर आणून ठेवायच्या. कोणाला सांगितलं नाही. लिनक्सचं मशीन वेळ नेटवर्कवरून स्वतः घेतं आणि बरोबर घेतं. त्याला सोमवारची गरज नव्हती.

"दीडशे पानांची यादी केली, देवरे भाऊ. घड्याळ काही पान नव्हे. ते नोंदीत नव्हतं, ते माझ्या हातात होतं." बाही खाली ओढून म्हणाल्या, "सगळ्यांच्या खुर्चीत बसले. माझ्याच खुर्चीत बसायचं राहिलं."

मंगळवारी सकाळी चहाच्या सुट्टीत मंदाबाई आली. मी बिलाच्या कागदावर सही घ्यायला तिथेच होतो. एकच पाहुण्यांचा स्वेटर, तो माझ्या अंगात. मॅडमनी आपला तपकिरी काढून तिला दिला.

"काल गाडी गेली, मॅडम. शेवटचा डबा दिसला आमाला पुलावरनं."

"घरी कधी पोचलीस?"

"साडेसात झाले. ह्ये सहाला ड्यूटीवर जातात, रेल्वेत रात्रपाळी हाय ना. सासूला दिसत नाय. ह्ये शेजारी सांगून गेलते, पण ती बाई लग्नाला गेल्याली. सासू एकटीच उठली, चहा करायला. हात भाजला." मंदाबाई चिडून बोलत नव्हती. "लय नाय भाजला. पण मॅडम, रोज असं झालं तर मला सोडावं लागंल काम. ह्ये कालच म्हणले."

"दोन दिवस दे मला," मॅडम म्हणाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नको. आजचाच दे."

ती गेल्यावर मी म्हटलं, "मॅडम, हे मशीनही नऊ मिनिटं पुढे करून टाका. कोणाला काय कळतंय?"

"होत नाही. जुन्याचं लॉगिन इथल्या इथे व्हायचं, हे पुण्याशी जोडलंय. पाच मिनिटांच्या वर फरक पडला की पुण्याचा सर्व्हर आपल्याला ओळखच देत नाही, लॉगिन बंद पडतात सगळ्यांचे." स्वेटर परत अंगात घालत त्या म्हणाल्या, "आणि झालं असतं तरी आता नसतं केलं. देवरे भाऊ, एक हिशेब करून द्या. त्या नऊ मिनिटांत कंपनीचं किती नुकसान झालं?"

त्याला हिशेब कसला लागतो! घड्याळ पुढे, म्हणजे लोक नऊ मिनिटं लवकर गेले आणि नऊ मिनिटं लवकर आलेही. पाळी पूर्ण भरली. तरी मी मागच्या तीन वर्षांच्या हजेऱ्या तपासल्या, कारण न तपासता आकडा सांगायची मला सवय नाही.

"शून्य," मी जेवणाच्या सुट्टीआधी सांगितलं.

"लिहून द्या."

"शून्य काय लिहून द्यायचं, मॅडम?"

"बोललेलं शून्य कोणी धरत नाही."

मी लिहून सही केली.

वैद्य साहेब दुपारी पुण्याहून आले ते थेट जिन्याखाली, हातात पेढ्यांचा पुडा. मागे एचआरचे साहेब. वैद्य साहेब नियमाला पक्के; खुंटीवरचा वांगी स्वेटर त्यांनी न सांगता घातला, मोत्याची बटणं लावली आणि आत आले. मी दारातच उभा राहिलो.

"घ्या मॅडम, तोंड गोड करा. घड्याळसुद्धा सुधारलंत तुम्ही!"

"साहेब, पेढा नंतर घेते. आधी ऐका. ते घड्याळ मीच पुढे ठेवलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं. बॅटरी, मंदाबाई, सोमवार. आवाज खाली नाही, वर नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्या चुका दोन. कोणाला न सांगता पुढे ठेवलं, ही एक. आणि परवा कोणाला न विचारता काढून घेतलं, ही दुसरी. दुसरी मोठी आहे."

एचआरच्या साहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, हजेरीच्या घड्याळात फेरफार म्हणजे चौकशीचा विषय होतो. चौकशी चालू असेल तर निवृत्तीच्या वेळी ग्रॅच्युइटी वगैरे अडकते. तुम्हाला कल्पना असेल."

"आहे. म्हणून तर आज सांगते, मार्चमध्ये नाही."

वैद्य साहेब माझ्याकडे वळले. "देवरे, नुकसान किती?"

"शून्य, साहेब."

"लिहून द्याल?"

मी खिशातून कागद काढून दिला. त्यांनी तो वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. मग मॅडमना विचारलं, "तेव्हाच का नाही विचारलंत? माझ्या आधीच्या साहेबांना?"

"ते काय म्हणाले असते, साहेब?"

"नाही म्हणाले असते."

"म्हणून."

"आणि मी काय म्हणेन असं वाटतं?"

"ते मला माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "म्हणून विचारतेय. साहेब, अडीच वाजलेत. भोंगा साडेतीनला आहे."

साहेबांनी हातातला पुडा कीबोर्डशेजारी ठेवला. त्या स्वेटरात ते कोणाच्या तरी मावशीसारखे दिसत होते, आणि मला हसू येत नव्हतं.

"युनियनच्या सेक्रेटरीला बोलवा," ते एचआरच्या साहेबांना म्हणाले. "पहिली पाळी उद्यापासून सहा पन्नास ते तीन वीस. नोटीस काढा, जिथे कळवायचं तिथे कळवा. आणि आज तीन वीसलाच सोडा, माझ्या सहीने."

"आणि चौकशी?"

"ते बघू."

"बघू नका, साहेब," मॅडम म्हणाल्या. "मला मेमो द्या. नाहीतर माझ्यामागून इथे बसणाऱ्याला वाटेल की घड्याळ आपल्या मनावर असतं."

साहेबांनी पुडा उचलून त्यांच्यापुढे धरला. "देतो," ते म्हणाले. "आता पेढा घ्या."

त्या दिवशी भोंगा तीन वीसला झाला. मॅडमनी तो स्वतः वाजवला आणि बस गेटबाहेर पडेपर्यंत खिडकीत उभ्या राहिल्या.

मेमो यायला पाच आठवडे लागले, कारण एचआरच्या साहेबांनी फाइल पुण्याला पाठवली होती. त्या पाच आठवड्यांत मॅडमचं वागणं तसूभर बदललं नाही, एवढंच म्हणता येईल. डबा मात्र निम्मा परत जायचा. मुलाच्या घराचा हप्ता त्या ग्रॅच्युइटीवर धरलेला होता, हे मला अकाउंट्समध्ये असल्यामुळे माहीत होतं, त्यांनी तो विषय कधी काढला नाही. अखेर चार ओळींचा मेमो आला: असं पुन्हा करू नये. मॅडमनी ‘मिळाला’ लिहून सही केली आणि मला म्हणाल्या, "पुन्हा करायला वेळ तरी कुठे ठेवलाय यांनी!" त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आमच्याकडे एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्याला शेवटच्या दिवशी हार घालून, शाल-नारळ देऊन, गाडीने घरी सोडतात. शिपाई असो की मॅनेजर, त्या दिवशी गाडी. पूर्वी डायरेक्टरांची गाडी जायची, आता भाड्याची सांगतात. मी सकाळीच रफिक ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. भाषणं लवकर उरकली. मॅडमनी तशी अट घातली होती. वैद्य साहेब बोलले. मंदाबाईला बोलायला उभं केलं, ती म्हणाली, "मी काय बोलू, मला गाडी हाय," आणि बसली. सगळे हसले.

सर्व्हर रूमच्या किल्ल्या घेताना त्यांच्या जागी आलेल्या नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, स्वेटर नेता ना?"

"मशीन इथे, तर स्वेटर इथे," त्या म्हणाल्या. "तपकिरी तुझा. बटण सैल आहे, लावून घे."

तीन वीसला भोंगा झाला. गाडी पायऱ्यांशी लागली होती, रफिकने मागचं दार उघडून धरलं होतं. मॅडमनी गळ्यातला हार काढून मागच्या सीटवर ठेवला, त्यावर शाल ठेवली, नारळ मात्र हातातच राहू दिला आणि चालू लागल्या.

"मॅडम, गाडी इकडे!" मी ओरडलो.

"माहितेय, देवरे भाऊ. पण एक खुर्ची राहिलीय."

त्या बायकांच्या बसमध्ये चढल्या. आत एकच गलका झाला, ‘इकडे बसा मॅडम, इकडे.’ तिसऱ्या खिडकीत मंदाबाईने सरकून जागा दिली. पांढरे शूज आत घेऊन त्या बसल्या. मी खिडकीखाली जाऊन हात केला, वैद्य साहेबांनीही केला. पण त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. बाही वर सारून मनगटावरचं घड्याळ बघत होत्या, बस नेमकी किती वाजता हलते ते. बस हलली. रफिकला काय करावं कळेना. मी म्हटलं, जा मागे, स्टेशनवर तरी बसतील. तो बसच्या मागे गेला.

रफिक दीड तासाने परत आला. मॅडम स्टेशनवरही गाडीत बसल्या नव्हत्या. तिकीट काढून बायकांबरोबर पॅसेंजरने इगतपुरीला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. आधी सर्व्हरची चौकशी केली. मग म्हणाल्या, "मंदाकडे चहा घेतला. नारळ तिच्या सासूला दिला, तिने हलवून पाहिला, पाणी भरपूर आहे म्हणाली. आणि देवरे भाऊ, पुलावर मी मुद्दाम मागे राहून पाहिलं. धावत कोणी नव्हतं. चालत होत्या सगळ्या, बोलत बोलत."

मी त्या वेळी गाडीचं व्हाउचर भरत होतो. सातपूर ते नाशिकरोड स्टेशन आणि परत. ‘प्रवास करणाऱ्याचे नाव’ असा एक रकाना त्यात असतो आणि तो कोरा ठेवलेला मला चालत नाही. मी लिहिलं: हार एक, शाल एक. वैद्य साहेबांनी वाचलं आणि सही केली. आठशे पन्नास रुपये रफिकला रोख दिले.